दीड हाताचा वाद

मुरबाडला मास्तर म्हणून माझी बदली झाली तेव्हा हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी मला एक सूचना दिली. ती पाण्याबद्दल नव्हती, सापांबद्दलही नव्हती. ते म्हणाले, "रस्त्यात आबा भेटले तर त्यांना हाक मारू नका."

"का? तापट आहेत का?"

"तापट नाहीत हो. मोजत असतात."

आणि खरोखरच ते मोजत असत. घराच्या पायरीपासून बाजारातल्या चहाच्या दुकानापर्यंत चारशे बारा पावलं. मध्येच कुणी 'काय आबा, बरं हाय ना' असं विचारलं की आकडा चुकायचा, आणि आकडा चुकला की हा गृहस्थ निमूटपणे मागे फिरून पायरीपासून पुन्हा पहिलं पाऊल टाकायचा. हेडमास्तरांची सूचना मला थट्टा वाटली होती. म्हणून एका दुपारी मी सभ्यपणे नमस्कार केला. मग ते परत येताना दिसले तेव्हा वाटलं, मघाशी त्यांना ऐकू आलं नसावं, म्हणून पुन्हा केला. त्या दिवशी आबांना चहा मिळाला तेव्हा दुकानदार फळ्या लावत होता.

आबांनी हयातभर मोजणी खात्यात साखळी ओढली होती. जमीन मोजायची ती लोखंडी साखळी तेहतीस फुटांची असे. छत्रीखाली टेबल लावून नकाशा काढणारे ते साहेब, आणि साखळीचं टोक धरून काट्याकुट्यांतून पुढे जाणारा तो माणूस म्हणजे आबा. शहापूरपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंतचा मुलूख त्यांनी तेहतीस-तेहतीस फुटांनी पायाखाली घातला होता. ते पेन्शनीत निघाले तेव्हा खात्याने साखळी ठेवून घेतली. आबांनी घरी येऊन कळकाची सहा फुटी काठी केली, तिच्यावर कोयत्याने खुणा पाडल्या आणि उरलेलं आयुष्य तिच्या जोरावर काढायचं ठरवलं. "डोळा फसवतो, पाय दमतात, काठी खोटं बोलत नाय," असं ते म्हणायचे. दिवसातून चारदा तरी म्हणायचे. लग्नाच्या मांडवात लोक अक्षता टाकायला जमले की हे आधी मांडवाची लांबी-रुंदी बघून घ्यायचे आणि नवऱ्या मुलाच्या बापाला बाजूला घेऊन सांगायचे, "पूर्वेचा खांब चार बोटं आत हाय." त्या बापाने त्यावर काय करावं, हे ते सांगत नसत.

म्हशाच्या जत्रेतली त्यांची खरेदी तर अजून गावात सांगतात. बैल घेताना लोक दात बघतात, खूर बघतात, पाठीवर थाप मारून बघतात. आबांनी काठी आडवी धरून वशिंडापासून शेपटीपर्यंत लांबी घेतली आणि अख्ख्या जत्रेतला सगळ्यात लांब बैल पसंत केला. घरी आणल्यावर लक्षात आलं की गोठा बैलापेक्षा हातभर आखूड आहे. मग त्या बैलाने चार पावसाळे पुढून कोरडं आणि मागून भिजत काढले. कुणी हसलं तर आबा म्हणत, "बैल बरोबर हाय. गोठा मोजायचा राहिला."

अशा माणसाच्या शेजारचं घर विकत घ्यायची बुद्धी मला झाली.

तशी ती माझ्या बायकोची बुद्धी. आठ वर्षांत आमची सहा बिऱ्हाडं झाली होती. प्रत्येक बिऱ्हाडातून भांड्यांच्या पोत्यांबरोबर तेलाचा एक डबा जायचा. त्या डब्यात बायकोने लग्नाच्या वर्षी लावलेला कढीलिंब होता. डब्यात मुळांना जागा नव्हती, त्यामुळे तो ना मरत होता ना वाढत होता. चार पानं काढली की महिनाभर फोडणीला सुट्टी. "याला एकदा जमिनीत लावायचंय," असं ती अधूनमधून म्हणायची आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. मग त्या वर्षी संक्रांतीनंतर आमच्या घरमालकांनी सांगितलं की मुलाचं लग्न ठरलंय, अक्षय्य तृतीयेला खोली रिकामी करून द्या. नेमकं त्याच सुमारास आबांच्या शेजारचं घर विकायला निघालं. मालक कल्याणला मुलाकडे राहायला गेले होते. दोन खोल्या, पडवी, मागे थोडी मोकळी जागा. मी इसार दिला. बायको जाऊन मागच्या जागेत उभी राहिली, परत आली आणि डब्यातल्या कढीलिंबाला एक तांब्या पाणी जास्त घातलं.

खरेदीखत लिहायला बसलो तो दिवस मला लख्ख आठवतो. नव्या घराच्या पडवीत सतरंजी टाकलेली. मालक, खत लिहिणारे कारकून आणि गावातले दोन साक्षीदार. कारकुनांनी चतुःसीमा वाचायला सुरुवात केली. "पश्चिमेस शिवेच्या देवाचा दगड…" एवढ्यात दारात काठी टेकल्याचा आवाज आला.

"दगड जागेवर नाय," आबा म्हणाले. "हद्द चुकलीय. सही होऊ द्यायची नाय."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मालकांनी विचारलं, हे आजच कसं सुचलं? आबा म्हणाले, आज नाही, पेन्शनीत आल्यापासून सुचलंय, पण तेव्हा कागद होत नव्हता, आता होतोय, आणि कागदावर चूक चढली की ती साता जन्मांत उतरत नाही. मी साक्षीदारांकडे पाहिलं. ते उठून वहाणा शोधत होते.

"अहो, तुम्ही कुठे निघालात?"

"मास्तर," त्यातला एक म्हणाला, "आमची सगळी शेती आबांनी मोजलेली. आबा नाय म्हंतात, तिथं आमी अंगठा कसा द्यावा?"

झालं. गावात दुसरा साक्षीदार मिळेना. ज्याला विचारावं त्याच्या शेताच्या बांधावर आबा कधीतरी साखळी घेऊन फिरलेले. तृतीयेला पावणेदोन महिने उरले होते आणि एका पेन्शनर म्हाताऱ्याच्या 'नाय'पुढे माझं खरेदीखत अडून बसलं होतं. मला भयंकर राग आला. शेजारी एकटा-दुकटा मास्तर येतोय, तेव्हा बळकावून घ्यावी थोडी जागा, असा याचा डाव आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शाळेत मी सातवीला क्षेत्रफळ शिकवत होतो. त्या महिन्यात मुलांना जी उदाहरणं घातली, त्या सगळ्यांत एक लबाड शेजारी होता.

आता सांगायला लाज वाटते, पण मी सूडही घेतला. रोज सकाळी आबा चहाला निघाले की मी शाळेच्या वाटेवर मुद्दाम थांबायचो आणि ते बरोबर अर्ध्या रस्त्यात आले की खणखणीत आवाजात म्हणायचो, "नमस्कार आबा." ते थांबायचे. माझ्याकडे पाहून हात जोडायचे आणि मागे फिरायचे. एकदाही रागावले नाहीत. एकदा मात्र जवळ येऊन म्हणाले, "मास्तर, तुमी देवमाणूस. रोज इचारपूस करता." तरीसुद्धा मी दुसऱ्या दिवशी हाक मारलीच, इतका मी पेटलो होतो.

हा वाद दीड महिना चालला. मी पाटलांकडे गेलो, कल्याणला वकिलाकडे जाऊन आलो, आबांना तोंडावर दोनदा बोललो. आबांचं एकच पालुपद. दगड सरकलाय. दीड हात सरकलाय. सही होऊ द्यायची नाय.

शेवटी एका संध्याकाळी माझी बायको तिथे गेली. दोन घरांच्या मधल्या बोळात तो दगड होता, शेंदूर फासलेला. आबांची बायको त्याच्यापुढे उदबत्ती लावत होती आणि आबा काठी आडवी टाकून आपल्या भिंतीपासूनचं अंतर शंभराव्यांदा घेत होते. बायकोने दोघांना नमस्कार केला आणि विचारलं, "पण आबा, दगड सरकलाय तो कुठल्या बाजूला?"

आबांनी काठीवरून मान वर केली. "तुमच्या बाजूला, बाई. तुमची दीड हात जागा आमच्यात आलीय."

बायकोने घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. घास हातातच राहिला. दीड महिना मी, पाटील, मालक, कल्याणचे वकील, इतकी शहाणी माणसं भांडत होतो आणि जागा कुणाकडून कुणाकडे गेलीय, हे कुणी विचारलंच नव्हतं. आबांनीही सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो मुद्दाच नव्हता.

मी तसाच उठून त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "आबा, राहू द्या ती जागा तुमच्याकडे. मला नको. तुम्ही फक्त हो म्हणा."

तेव्हा मात्र मी त्यांना पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं. "तुमाला पायजे का नको, ते मी इचारलंच नाय. तो दगड मी पुरलाय. मी तरणा होतो तवाचा. आमच्या बाजूच्या विहिरीच्या कोपऱ्यापासनं दोन साखळ्या, एक बोट इकडं नाय, एक बोट तिकडं नाय. लोक सरकारी दगड उपटतात म्हणून मीच त्याला शेंदूर फासला. देव कोण उपटत नाय. आता मोजतो तर दीड हात जास्त भरतो. उपटला तर कोणी नाय. मंग मास्तर, साखळी चुकली का माझी?"

मग खालच्या आवाजात म्हणाले, "या एका दगडावरनं पुढचे सगळे मोजले. शंभर शेतं असतील. हा चुकला तर ते पण चुकले."

माझा सगळा राग तिथेच उतरला. हा माणूस माझं घर अडवत नव्हता. आपल्या सगळ्या आयुष्याची बेरीज पुन्हा करून बघत होता, आणि ती जुळत नव्हती. सकाळच्या त्या नमस्कारांची आठवण होऊन मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी शहापूरहून एक तरुण मोजणीदार आला. तो आबांच्या हाताखाली शिकलेला होता. आबांनी निरोप धाडला म्हणून खरीखुरी साखळी घेऊन आला होता. अर्धा गाव जमला, खत लिहिणारे कारकूनही आले. पोराने पोत्यातून साखळी काढली तेव्हा आबांनी ती हातात घेतली, कपाळाला लावली आणि पुढचं टोक धरून स्वतः चालू लागले. सत्तरीचा माणूस, पण पाठ काठीसारखी ताठ. विहिरीच्या कोपऱ्यापासून एक साखळी. दोन साखळ्या. आबा थांबले. शिवेचा देव त्यांच्या पायांपासून दीड हात पुढे, आमच्या बाजूला शांतपणे बसला होता.

पुन्हा मोजलं. तेवढंच. तिसऱ्यांदाही तेवढंच.

आबा खाली बसले. उन्हात, तिथेच मातीत. मी त्यांना कधी जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. ते कारकुनांना म्हणाले, "लिवा. साखळी ओढणाऱ्याची चूक. माझं नाव घाला."

"लिवू नका," मागून आवाज आला. आबांची बायको डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आली. "दगड मी सरकवला."

आबांनी मान वळवली. "कदी?"

"धाकलीच्या लग्नाच्या साली."

"का गो?"

"तुमी पडवी वाढवली ना. छप्पर काढलात ते मोजून बरोबर हद्दीपर्यंत. पाऊस लागला का आपल्याच वळचणीच्या पागोळ्या देवाच्या डोक्यावर. चार महिने धार. मला जेवण गोड लागंना. मंग दिवाळीला सून आली होती, तिला घेतली, पहारीनं उचकटला आन कोरड्यात नेऊन बसवला."

"आन मला सांगितलं नाय?"

"तुमी सगळ्या गावाला इचारत फिरलात," म्हातारी म्हणाली. "मला कदी इचारलंत?"

गाव इतका हसला की विहिरीवरची कबुतरं उडाली. मला वाटलं, आबा आता चिडणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत होतं ते मी आजवर विसरलो नाही. साखळी चुकली नव्हती. शंभर शेतं आपापल्या जागी होती. ते उठले, धोतराची माती झटकली आणि त्या तरुण मोजणीदाराला म्हणाले, "बघितलास? दोन साखळ्या."

आता प्रश्न उरला देवाचा. दगड मूळ जागी न्यायचा तर तो पुन्हा पागोळ्यांखाली येणार. म्हातारीने सांगून टाकलं की देव भिजला तर ती माहेरी जाईल. पासष्टाव्या वर्षी तिला माहेर कुठलं असणार, पण आबांनी धमकी मनावर घेतली. ते बराच वेळ वळचणीकडे बघत राहिले. काठीने काहीतरी मोजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर शिडी लावलेली, कौलं उतरवून ठेवलेली आणि सुतार आबांच्या घराचे वासे एकेक करून कापत होता. आबा खाली उभे राहून सांगत होते, "दीड हात. खुणेवर काप."

देव आपल्या जागी गेला. साक्षीदारांनी अंगठे दिले. तृतीयेला दोन दिवस असताना आम्ही नव्या घरात भांडी नेली, आणि सगळ्यात शेवटी तेलाचा डबा.

हे सगळं आटोपल्यावर माझी बायको सहज म्हणाली, "आबा, वासे कापण्यापेक्षा देवावर एक कौल आडवं ठेवलं असतं तर?"

मी डोळे मिटून घेतले. आबांनी मात्र गंभीरपणे विचार केला. "ठेवलं असतं, बाई," ते म्हणाले. "पण त्या कौलाचं पाणी कोणाच्या हद्दीत पडलं असतं?"

त्या वर्षीच्या पावसात देव कोरडा राहिला आणि आबा भिजले. छप्पर आखूड झालेलं, त्यामुळे झड सरळ त्यांच्या ओटीवर यायची. पण संध्याकाळी ओटीवर बसायची त्यांची सवय पन्नास वर्षांची. मग लावणीच्या वेळी शेतात घेतात ते पानांचं इरलं डोक्यावर घेऊन हा माणूस स्वतःच्या घराच्या ओटीवर विडी ओढत बसायचा. नवखे लोक रस्त्यात थांबून बघायचे. मी एकदा सुचवलं की दीड हात छप्पर आमच्या बाजूला येऊ द्या, माझी हरकत नाही, हवं तर लिहून देतो. आबा इरल्याच्या आतून म्हणाले, "मास्तर, तुमी मुलांना असंच शिकवता का?"

कढीलिंब आम्ही त्या दीड हात जागेच्या कडेला लावला. खड्डा कुठे घ्यायचा ते अर्थात आबांनीच काठीने सांगितलं. दोन वर्षांत झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं आणि फांद्या हद्द ओलांडून त्यांच्या अंगणात झुकल्या. तेव्हापासून दर आठवड्याला आमच्या दारात कागदाच्या पुडीत कढीलिंबाची पानं येऊ लागली. आबा स्वतः आणून द्यायचे. "तुमचा माल आमच्यात आला होता," म्हणायचे. म्हातारी मात्र आमच्याच दारातून मूठभर पानं मागून न्यायची, कारण आबांनी बांधलेल्या पुडीला हात लावायची तिला परवानगी नव्हती.

अशी बारा वर्षं गेली. माझ्या मुलांनी त्या बोळात गोट्या खेळताना देवाला कधी धक्का लावला नाही. मी सकाळी आबांना पाहिलं की तोंड घट्ट मिटून बाजूला उभा राहायचो, ते चारशे बारा पावलं पुरी करायचे आणि दुकानातून मला हात करायचे. मग त्या पावलांची चारशे तीस झाली, साडेचारशे झाली. "रस्ता वाढलाय," असं आबा म्हणाले, तेव्हा मी हसलो नाही. पुढे एका वैशाखात ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारी काठी घेऊन आमच्या दारात आली. "मास्तरला द्या, बोलले होते," एवढंच म्हणाली. ती काठी घेताना मी रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी शहापूरला बदली झाली. पोरं मोठी झाली होती, तिथे हायस्कूल जवळ होतं. घर विकायचं ठरलं. गिऱ्हाईक कल्याणचं, चांगल्या घरचं, घाईत असलेलं. भर पावसाळ्याचे दिवस, पण त्या दिवशी उघडीप होती. मी त्याला मागची जागा दाखवली, कढीलिंब दाखवला. याचं एक रोप बायकोने आधीच डब्यात काढून घेतलं होतं. शेजारच्या ओटीवर म्हातारी आबांचं इरलं डोक्यावर घेऊन बसली होती. पाऊस नसला तरी आताशा ती ते घेऊनच बसायची.

गिऱ्हाइकाने दगडाकडे पाहिलं, कापलेल्या वळचणीकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणालं, "मास्तर, म्हातारी एकटीच आहे. दगड हात-दोन हात पलीकडे गेला तर कोण विचारतंय?"

मी घरात जाऊन काठी घेतली आणि विहिरीकडे चालू लागलो. कोपऱ्याच्या दगडाला काठी लावली आणि तिथून शिवेच्या देवाकडे मोजत निघालो. एक काठी, दोन काठ्या, तीन. गिऱ्हाईक गोंधळून बायकोला काहीतरी विचारत होतं. मी सहाव्या काठीवर होतो तेव्हा त्याने मोठ्याने हाक मारली, "अहो मास्तर, राहू द्या की आता."

आकडा चुकला. मी मागे फिरलो, विहिरीपाशी गेलो आणि कोपऱ्याला पुन्हा काठी लावली.